चेटकिणीचा आवाज

४ फेब्रुवारी

अंगाचा नुसता तिळपापड झालाय! अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाई मोबाइलवर काहीतरी खेळत होत्या. आणि त्या मोबाइलमधून मीच बोलले — "चेंडू संपले, राजा? सोन्याची नाणी विकत घे, नाहीतर गडावरून चालता हो!"

मी! माझा आवाज! घशाच्या ऑपरेशनआधीचा, खणखणीत.

त्या बाईंना म्हटलं, "अहो, ही मी आहे." माझा आत्ताचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पर्स जवळ ओढली आणि पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

दात न दाखवताच घरी आले.

५ फेब्रुवारी

काल रागाच्या भरात धड लिहिलंच नाही. तर — लग्नाच्या आधी मी एका गेमसाठी चेटकिणीचा आवाज दिला होता. पार्लरमधलं कपाटाएवढं मशीन. त्यात बसवलेला गुळगुळीत गोळा तळहाताने जोरात फिरवायचा, की पडद्यावरचा चेंडू गडाच्या अंधाऱ्या बोळातून घरंगळत जायचा. बोलिंगच ते, पण पिनांच्या जागी बुटके राक्षस उभे आणि शेवटी पेंगुळलेला ड्रॅगन. आणि सगळ्यांवर ओरडणारी चेटकीण — अस्मादिक!

आता तोच गेम घरच्या टीव्हीवर आणि मोबाइलवर आलाय. ह्यांना सांगून त्यांच्या मोबाइलवर घेतला. दुपारभर ऐकला. जुनी वाक्यं माझीच, पण अधूनमधून नवीन ठिगळं. "नाणी घे", "मित्राला बोलाव", "जाहिरात बघ" — हे मी जन्मात म्हटलेलं नाही!

वन्संना फोन केला. ह्यांच्या थोरल्या बहिणीने उभी हयात वकिलीत घातलीय, त्यामुळे त्यांना कशाचंच नवल वाटत नाही. "अगं, जुना आवाज कॉम्प्युटरला ऐकवतात. मग तो वाट्टेल ते बोलतो."

वाट्टेल ते! माझ्या तोंडून!

७ फेब्रुवारी

गेमच्या कंपनीत फोन. तिकडची मुलगी म्हणते, "बोला सर."

मी सर नाही म्हटलं.

"सॉरी सर."

१२ फेब्रुवारी

वन्संना घेऊन त्या कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेची खोली, भिंतीवर हा एवढा ड्रॅगन. गेमचे प्रमुख म्हणून आले ते आमच्या लेकाच्या वयाचे. वागायला मात्र गोड. पाणी विचारलं, खुर्ची पुढे केली. मी सगळं सांगितलं. घसा दुखेपर्यंत बोलले. शेवटी तर नुसती हवाच येत होती.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले —

"पण मॅडम, तुमचा आवाज तर असा नाहीये."

वन्संनी टेबलाखालून माझा हात दाबला, म्हणून बरं. नाहीतर तो पाण्याचा ग्लास मी —

१३ फेब्रुवारी

तुमचा आवाज तर असा नाहीये. तुमचा आवाज तर असा नाहीये. भाजी चिरताना तेच, कपडे वाळत घालताना तेच.

१५ फेब्रुवारी

ह्यांच्याशी भांडण. म्हणाले, "जाऊ दे ना. एवढं कशाला ताणतेस? जुनं आहे ते राहू दे."

राहू दे! बायकोचा गळा कापला डॉक्टरांनी, आवाज पळवला ह्या लोकांनी, आणि नवरा म्हणतो राहू दे! ऑपरेशननंतरही हे असेच. घरात पाटी-पेन्सिल आणून ठेवली, सूप गाळून दिलं, सगळं केलं — पण माझ्या आवाजाबद्दल चकार शब्द नाही. जणू एक जुनी छत्री हरवली होती.

म्हटलं, "तुम्हाला काय फरक पडतो?"

पेपर उघडून बसले. पेपर कालचा होता.

२२ फेब्रुवारी

वन्संनी नोटीस धाडली. शिवाय तेव्हाचे आमचे रेकॉर्डिस्ट सापडले! म्हातारे झालेत, पण स्मरण शाबूत. फोनवर माझं घोगरं "हॅलो" ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "चेटकीण ना तू? दर टेकला खोकायचीस आणि माझ्यावर खेकसायचीस." वाटेल तिथे येऊन सांगतो म्हणाले. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मला आवाजाशिवाय ओळखलं.

३ मार्च

पुन्हा काचेची खोली. आता दोन खुर्च्या जास्त, त्यांचाही वकील. सूर एकदम बदललेला. झालं ते चुकीचं झालं म्हणे. नवीन वाक्यं काढून टाकतो म्हणे. जुनी राहू द्या, गेमच्या शेवटी तुमचं नाव दाखवू. "आमच्या खेळाडूंचा त्या आवाजावर फार जीव आहे, मॅडम."

आता जीव आहे! त्या दिवशी आवाज माझा नव्हता, आज माझा झाला!

वन्संनी कानात सांगितलं, "हे बरं आहे, घे." पण माझ्या डोक्यात तिडीक गेलेली. म्हटलं, "सगळं काढा. जुनंसुद्धा. माझा श्वाससुद्धा ठेवू नका."

सह्या झाल्या. सोमवारपासून चेटकिणीला दुसरीच कुणी आवाज देणार.

रिक्षात वन्सं सह्यांचे कागद पुन्हा पुन्हा चाळत होत्या. मी मात्र जिंकल्यासारखी ताठ बसले होते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "बरं," म्हणाले. मग आत गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून तोंड धूत राहिले.

५ मार्च

दुपारी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले. हे पाठमोरे बसलेले, हातात मोबाइल, गेम चालू. चेंडू टाकला — थेट कडेच्या पन्हळीत. पुन्हा टाकला — पन्हळीत. एक राक्षस पडेल तर शपथ! म्हणणार होते, अहो, इतकं कसं जमत नाही?

तेवढ्यात चेटकीण हसली. चेंडू पन्हळीत गेला की ती हसते. ते हसू माझं. विशीतलं, पोट धरून हसलेलं, एका टेकमध्ये मिळालेलं.

त्यांनी पुन्हा चेंडू टाकला. पन्हळीत. शेजारच्या स्टुलावर माझा मोबाइल उभा करून ठेवलेला, रेकॉर्डिंग चालू.

मी दिसल्यावर हे दचकले. "सोमवारी जाणार ना ते," म्हणाले. "म्हटलं, तेवढं हसणं ठेवून घ्यावं."

कपडे तसेच दोरीवर. बसले शेजारी. म्हटलं, "आणा इकडे. आता मी टाकते."