यादीतलं दुसरं नाव

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पायाची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. गोळ्या मात्र मध्येच सोडू नकोस. इकडे दुकानात पुराचं पाणी शिरलेल्या पंपाच्या मोटारी अजून दुरुस्तीला येतायत. उघडावी ती आत चिखलच.

तू विचारलंस, भावजी खरंच झोपेतच गेले का. हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि दर वेळी मोटारींपाशीच थांबले.

ताई, दरड कोसळली तेव्हा भावजी झोपेतच गेले, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. ते दुपारपर्यंत होते. माझ्याशी बोलले.

फोन बंद, रस्ता बंद. तिकडच्या दवाखान्यात एक निवृत्त मास्तर स्वतःचा रेडिओ सेट घेऊन बसले होते. इकडे तहसील कचेरीच्या जिन्याखाली मी, ट्रॅक्टरची बॅटरी जोडून. तू ज्याला माझं खोकं म्हणतेस, तोच सेट. मास्तर जखमींची नावं सांगायचे, मी लिहून हेलिकॉप्टरवाल्यांकडे द्यायची. आत एकच स्ट्रेचर मावायचं. पहिलं नाव एका अडलेल्या बाळंतिणीचं. दुसरं नाव मी मास्तरांना पुन्हा सांगायला लावलं.

"माझे भावजी आहेत ते," मी म्हटलं. मास्तरांनी माइक त्यांच्या तोंडापाशी नेला.

"धाकटे, तू आहेस होय? मग सुटलो बाई!" खरंच हसले गं. मग म्हणाले, "माझं नाव वर घे. पाय गेलाय, पण लवकर नेलं तर वाचेन."

"भावजी, क्रम डॉक्टरांनी लावलाय."

"कागद तर तुझ्याच हातात आहे ना?"

होता, ताई. पेन्सिलीनं लिहिलेला. दोन ओळी खालीवर केल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी केल्या नाहीत.

हेलिकॉप्टर बाळंतिणीला घेऊन निघालं आणि मागे दरी धुक्यानं भरली. बाळंतीण वाटेतच गेली. मूल वाचलं.

भावजी विचारत होते, "निघालं का परत?" मी म्हणत होते, "निघालंय." पायलट तर माझ्यासमोरच बाकावर डोकं धरून बसला होता.

मग त्यांचा आवाज बारीक झाला. "तुझ्या ताईला सांगू नकोस हं, मी घाबरलो होतो म्हणून." मी हो म्हटलं. यादीत अजून अकरा जण होते. मास्तर म्हणाले, "बाई, लाइन मोकळी करा." मी "ओव्हर" म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं. चारच्या सुमाराला मास्तरांनी भावजी गेल्याचं कळवलं. मी वहीत वेळ टाकली. लगेच पुढचं नाव विचारलं, याचंच मला आता भय वाटतं.

त्यांना दिलेला शब्द आज मोडलाय. तू लिहिलंस, 'कुणाशी बोलायला तरी मिळालं असतं त्यांना.' ते वाचल्यावर गप्प बसवेना. मिळालं होतं, ताई. मीच मध्ये तोडलं.

रविवारी दहाच्या गाडीनं येतेय. तुला जे बोलायचं असेल ते तोंडावर बोल. दार नाही उघडलंस तर संध्याकाळच्या गाडीनं परत फिरेन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तू म्हणू देशील तोवर,
तुझी बहीण