शब्द तोच आहे

गोमती नगर, लखनौ
रविवार, १७ जानेवारी १९९९

ती. विनयाकाकूंस,
विभाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला कारण ऑफिस, थंडी, आर्याचा खोकला, असं सगळं लिहून पहिला कागद फाडून टाकला. कारण एकच होतं, लाज. यंदा तिळगूळसुद्धा पाठवला नाही. 'गोड बोला' म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही.

इकडे धुकं मरणाचं आहे. आर्या यंदा सातवीत. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. परवा रागावून म्हटलं, "आता शिक्षा करीन हं!" तर म्हणते, "मम्मी, शिक्षा तो स्कूल में मिल ही रही है." मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. का, ते सांगते.

काकांची साक्ष झाली त्या दिवशी समितीच्या खोलीत शॉर्टहँड घ्यायला मीच होते. मी आपणहून कळवलं नाही, ते तुम्हाला काकांकडून कळलं. मला पाहून ते थोडंसं हसले, पण बोलले नाहीत. मला अडचण नको म्हणून. मीही मान खाली घातली.

इथली चिनहटची पाण्याची टाकी कोसळून दोन मजूर गेले म्हणून ही आमदारांची समिती नेमली. पण तिथे टाकीबद्दल बोलतं कोण! टाकी बांधली आधीच्या सरकारने, चौकशी लावली आत्ताच्या. विरोधक म्हणतात, समितीत सगळे तुमचेच, निकाल आधीच लिहून ठेवलाय. सत्तेतले म्हणतात, चोराच्या उलट्या बोंबा. रोज पहिला तासभर 'निष्पक्ष' या एका शब्दावरून भांडण. मी घरी येऊन त्यांच्या नकला करून दाखवायचे.

अशा त्या गदारोळात, टाकीच्या कामावर देखरेखीला होते म्हणून सांगलीहून बोलावलेले काका बोलायला लागले, आपल्या अस्सल सांगलीच्या हिंदीत. "काँक्रीट कच्चा था. ठेकेदार बोला, सही करो. हम सही नहीं किया. हम राजीनामा दिया और घर आया."

काकू, आपल्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. इथे त्याला इस्तीफ़ा म्हणतात. इथे राजीनामा म्हणजे दोघांनी आपसात मिटवून घेणं, समझौता. काका सांगत होते, मी नोकरीवर लाथ मारली. खोलीने ऐकलं, मी ठेकेदाराशी जमवून घेतलं.

एकच कल्ला झाला. सत्तेतले ओरडले, बघा, आधीच्या राज्यात असंच मिटवायचे. विरोधक ओरडले, हा साक्षीदार फितूर, याची साक्ष बाद करा. दोघांनाही तोच अर्थ सोयीचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं! काकांना त्या वेगाची हिंदी झेपली नाही. नेहमीचंच भांडण समजून ते हात जोडून बाहेर गेले.

मी इथेच लहानाची मोठी झालेली. मला त्याच क्षणी कळलं होतं.

संध्याकाळी समितीचे सचिव माझ्या टेबलापाशी आले. "विभा जी, आप तो मराठी हैं. यह राजीनामा... आपके यहाँ भी यही शब्द है न?"

मी म्हटलं, "जी, शब्द तो यही है."

खोटं काही बोलले नाही बघा. नरो वा कुंजरो वा. अर्थ त्यांनी विचारला नाही, मी सांगितला नाही. सांगितला असता तर साक्षीदाराशी तुमची ओळख काय, हा पुढचा प्रश्न आला असता. लघुलेखिकाच साक्षीदाराच्या घरातली म्हणून पुन्हा बोंबाबोंब, मला समितीवरून काढलं असतं, आणि मार्चमध्ये माझी बढती आहे. मी मनाची समजूत घातली की आपण मत द्यायचं नसतं, आपण निष्पक्ष राहायचं. ज्या शब्दाची रोज टिंगल केली, त्याच्याच मागे लपले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'गवाह ने माना, समझौता हुआ.' ते कात्रण सांगलीपर्यंत पोचलंच. तुम्ही लिहिलंत, काका संध्याकाळचे बाहेर पडत नाहीत, इतक्या वर्षांचे स्नेही विश्वासरावसुद्धा त्यांना पाहून रस्ता बदलतात. आणि कुणी काही म्हटलं की काका एवढंच म्हणतात, "विभा होती तिथे. काही चुकलं असतं तर तिने सांगितलं असतं."

काकू, तुमच्या पत्रातलं हे एक वाक्य मी रोज काढून वाचते. आपण सगळे इथे लखनौत मानक नगरला होतो तेव्हा आई शाळेत शिकवायला जायची आणि मी दुपारभर तुमच्याकडे असायचे. मराठी मुळाक्षरं तुम्ही गिरवून घेतलीत. त्याच मराठीतला एक शब्द काकांसाठी बोलायचा होता, आणि मी गप्प राहिले.

अहवाल एक फेब्रुवारीला सभागृहात ठेवणार आहेत. उद्या सचिवांना सगळं लेखी द्यायचं ठरवलं आहे. पण माझा माझ्यावरच भरवसा नाही, त्यांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले आहे. म्हणून आधी हे पत्र स्पीड पोस्टाने टाकते आणि मग ऑफिसला जाते. आता मागे फिरायची सोय नको.

हे पत्र घरात ठेवू नका. वकिलाला दाखवा, पेपरात द्या, विश्वासरावांना मोठ्याने वाचून दाखवा.

खाली नेहमीसारखं 'तुमची विभा' लिहिणार होते. पण त्याने समितीपुढे काहीच सिद्ध होत नाही. ते पुन्हा लिहू की नको, हे काकांना विचारून कळवा.

विभा सुबोध देवस्थळी
लघुलेखिका, चौकशी समिती
(साक्षीच्या वेळी हजर)