पार्थसाठी तज्ज्ञ मिळण्याबाबत आणि तीनदा पडलेल्या ताटाबाबत

प्रति,
मा. समन्वयक अधिकारी,
विशेष बालक साहाय्य कक्ष,
अहिल्यानगर

अर्जदार: रेश्मा ओंकार वर्पे, ता. संगमनेर

विषय: माझा मुलगा पार्थ (वय ७, स्वमग्न) याच्या भावनिक उद्रेकांसाठी खरा तज्ज्ञ मिळणेबाबत.

संदर्भ: 'तपासणीत उद्रेक दिसून आला नाही, सबब व्हिडिओ सादर करावा' हे आपल्या कक्षाचे पत्र.

महोदय,

पार्थ वॉशिंग मशीनचे फिरणे बघत बसला की कपडे पिळून होईपर्यंत शांत असतो. तेवढ्यात हा अर्ज लिहीत आहे. अक्षर घाईचे आहे, मजकूर घाईचा नाही.

१. तपासणीच्या दिवशी पार्थ शांत होता, हे खरे. परंतु तपासणी चालू असताना आपले शिपाई सूर्यभानमामा यांच्या हातून त्याच्या पाठीमागे स्टीलचे ताट तीनदा पडले. एकदा पडले तर ते हातून पडते. तीनदा पडले तर ते सांगून पडते, असा माझा नम्र संशय आहे. ताट पडले की तपासणारे साहेब पेन उघडून पार्थकडे बघत आणि काही झाले नाही की टोपण लावत. शेवटी म्हणाले, "काही नाही याला. लाडावलाय."

२. उद्रेक झाला तो त्याच दिवशी परतताना, बसस्टँडवर. कानांवर हात दाबून त्याने आत धरलेले सगळे तिथे बाहेर आले. तो फरशीवर डोके आपटू लागला. एका आजींनी कांदा पुढे केला, "हुंगव बाई, लगीच उतरंल." एकाने मोबाईल काढला, तेव्हा माझ्या सासूबाई गोजरबाई त्याच्यावर धावल्या, "तुझ्या घरची वरात हाय का रं?" सासूबाई म्हणतात, "पोरगं परक्यात दाबून धरतंय, आपल्यात सोडतंय. मला न्हाई का, म्हायेरी गेल्यावरच रडू यायचं?" तरी साहेबांनी तपासणीच्या कागदावर 'हट्ट' असे लिहिले. हट्टाला काहीतरी हवे असते. त्याला त्या वेळी काहीच नको असते, मीसुद्धा.

३. आपल्या कक्षाच्या तज्ज्ञ मॅडमविषयी. संगमनेरला विचारले तर 'मॅडम शिर्डीच्या शिबिरात आहेत'. शिर्डीला माझी नणंद आरती हाराच्या दुकानात असते. तिने जाऊन विचारले तर 'मॅडम संगमनेरला आहेत'. मॅडम दोन्हीकडून निघतात आणि कुठेच पोचत नाहीत. त्या खरोखर नेमलेल्या आहेत ना, हे कृपया लेखी कळवावे.

४. व्हिडिओ ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला सांगितले आहे, त्यात दोनशेवर माणसे आहेत. आमच्या गावचा मंडपवालाही आहे. हे सगळे तज्ज्ञ आहेत काय?

५. पार्थ वाढतो आहे. आज तो माझ्या मांडीत मावतो, पुढच्या वर्षी मावणार नाही. त्याआधी, वादळ येताना कसे ओळखायचे, आले की काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, हे मला शिकवणारे माणूस हवे आहे. हात धरून दाबणारे किंवा गुंगीचे औषध लिहून मोकळे होणारे नको. घरी आल्यास चहा करीन. ताट मात्र मीच ठेवीन, आवाज न करता.

मशीन थांबत आले आहे.

आपली,
विश्वास ठेवायला अजून तयार असलेली,
रेश्मा ओंकार वर्पे
दि. १८/११/२०२५

सोबत:
१. जन्मदाखल्याची प्रत.
२. स्वमग्नतेच्या प्रमाणपत्राची प्रत.
३. उद्रेकाचा व्हिडिओ: जोडलेला नाही. त्या वेळी माझे दोन्ही हात त्याच्या डोक्याखाली असतात.