कोरडी भिंत

औंढे, ता. मावळ
मंगळवार, २१ जुलै २००९
सकाळी साडेसात

चि. प्रदीप यास दादाचे आशीर्वाद.

तळेगावात तुम्ही सगळे बरे असाल. दोन वर्षांत तू इकडे फिरकला नाहीस, म्हणून आधी इथे काय काय उभं आहे ते सांगतो. घर तू पाहिलंसच, पायापासून कौलापर्यंत माझ्या हातचं. गवंडी चार दिवस लावला होता, मोरीचा उतार उलटा काढला म्हणून पाचव्या दिवशी परत पाठवला. त्यानंतर कोमलचं अभ्यासाचं टेबल केलं, सागवानी, एकही खिळा न मारता. विहिरीवरच्या मोटरीचं वाइंडिंग दोनदा भरलं. जुन्या सायकलच्या चिमट्यापासून रेडिओच्या अँटेनाचा स्टँड केला, अंशांच्या खुणा कोरलेला. आणि डोंगराकडची भिंत. बावन्न फूट लांब, नऊ फूट उंच, तळाला अडीच फूट आणि माथ्याला सव्वा. प्रत्येक दगड मी घडवला, दगडांमधल्या सांध्यांच्या दर्जा मी भरल्या. दोन पावसाळे गेले, तिच्यातून अंगणात एक थेंब आलेला नाही.

फोन केला असता तर तू उचलला असतास हे मला ठाऊक आहे. पण मला बोलता आलं नसतं. म्हणून पत्र.

रेडिओचं तुला माहीत नसेल. तुंगार्लीच्या बंगल्यातल्या नीरजाबाईंनी बिघडला म्हणून दिला. उपग्रहावरचा आहे. जाड पुस्तकाएवढा डबा, आणि वायरीने जोडलेली वहीएवढी चपटी अँटेना. बिघडला नव्हताच. बाईंनी शेजारच्या टीव्हीच्या छत्रीकडे बघून अँटेना भलतीकडे केली होती. मी नकाशा घेऊन हिशोब केला. पूर्वेकडून दक्षिणेला अठ्ठावीस अंश, वर अठ्ठेचाळीस. पहिल्या फटक्यात लागला. मागच्या खिडकीत स्टँडवर बसवलाय. वीज गेली तरी बॅटरीवर चालतो, आणि आवाज असा की गाणारा पडवीत बसलाय. पहाटे तुझी वहिनी भूपाळ्या लावते, दुपारी जुनी गाणी. वर्षाची वर्गणी मी भरतो.

त्याच्या पडद्यावर सिग्नलचा आकडा येतो. तो मी रोज सकाळी वहीत लिहितो. कोमल म्हणते, "बाबा, गाणं ऐकताय की पेपर तपासताय?"

सात जूनला आकडा ब्याऐंशी होता. महिनाअखेरीला एकसष्ट. चार जुलैला चौतीस, आणि गाणं मधूनमधून तुटायला लागलं. वहिनी म्हणाली पावसानं होत असेल. पावसानं ह्या लहरींना काही होत नाही. मी अँटेना तपासली, कोन तिळभर सरकला नव्हता. उपग्रह बावीस हजार मैलांवर एका जागी उभा आहे. मग मध्ये काय आलं? भिंतीच्या वरच्या अंगाला जांभूळ आहे, आईने लावलेलं. त्याचा शेंडा वाटेत आला होता. पानामागे उपग्रह गेला की हा रेडिओ मुका होतो. मला वाटलं, पावसाळ्यात पालवलंय. चार फांद्या उतरवल्या. आकडा सत्तर झाला.

पाच दिवसांत पुन्हा एकेचाळीस.

पाच दिवसांत जांभूळ एवढं वाढत नाही. नऊ तारखेला मी बुंध्यावर सात फुटांवर खिळा ठोकला, ओळंबा सोडला आणि खाली जमिनीत खुंटी मारून खूण केली. चौदा तारखेला ओळंबा खुणेपासून तीन सूत पुढे, घराच्या बाजूला. एकोणीसला नऊ सूत. आज सकाळी सहा वाजता चौदा. वारा नव्हता. ओळंबा स्थिर होता, मी तीनदा पाहिलं.

आठ सुतांचा इंच, हे तुला सांगायला नको. चौदा सूत म्हणजे पावणेदोन इंच. फार वाटत नाही. पण आधी पाच दिवसांत तीन, मग पाच दिवसांत सहा, आणि आता दोन दिवसांत पाच.

झाडाच्या वर, गुरांच्या वाटेवर जमिनीला भेग आहे. मागच्या आठवड्यात तीत माझं बोट जात होतं. मी मातीनं बुजवली. काल तीत पंजा गेला. आणि बांधाच्या कोपऱ्यातला झरा, जो उन्हाळ्यातही ठिबकायचा, तो शनिवारपासून बंद आहे. चार दिवस धो धो पाऊस, आणि झरा कोरडा.

भिंतही कोरडी आहे.

आता हे लिहायलाच हवं. भिंत बांधली तेव्हा तळाला मी भोकं ठेवली होती, पाणी निघायला. अकरा. पहिल्या पावसात त्यांतून तांबडं पाणी अंगणभर झालं, वहिनी दिवसभर झाडत बसली, आणि येणारा-जाणारा म्हणायला लागला, सखारामची भिंत गळती. ते मला सहन झालं नाही. दिवाळीनंतर मी सगळी भोकं सिमेंटनं बंद केली, वरून दर्जा अशा भरल्या की जागा सापडू नये. पुढे जो येईल त्याला भिंतीवर हात ठेवायला लावायचो. बघा, कोरडी ठणठणीत. तू वास्तुशांतीला आलास तेव्हा हात ठेवलास आणि म्हणालास, "दादा, कोरडी आहे हीच भीती आहे." त्यावर मी काय बोललो ते तुझ्या लक्षात आहे. तू पानावरून उठून गेलास.

रविवारी मी छिन्नी घेऊन त्यातलं एक भोक उघडलं. पाचवं. शेवटचा टवका उडाला आणि माझ्या मनगटाएवढी धार अंगावर आली, नुसतं पाणी नाही, माती, खडी. पाऊण तास थांबली नाही. मग शेजारचा दगड अर्धा इंच पुढे आला. मी तिथेच थांबलो. दुसरं उघडायची हिंमत झाली नाही. धार आपोआप बंद झाली, आतून काहीतरी बसलं असावं. दोरी लावून पाहिलं, मधोमध भिंतीला अडीच इंच पोट आलंय.

ओल्या डोंगराला पाठ लावून ती दोन वर्षं कोरडी उभी होती, आणि मी लोकांना ते दाखवत होतो.


साडेनऊ

मध्ये उठावं लागलं. खालच्या घरातले नथूआबा तुला आठवतात. आपल्या अंगणाच्या बांधाखाली त्यांचं घर, आता ते आणि त्यांची म्हातारी दोघंच. डोंगर उतरला तर आपलं घर घेऊन त्यांच्यावर जाईल. म्हणून त्यांच्याकडे गेलो. ते ओट्यावर तंबाखू मळत होते.

मी म्हणालो, "आबा, आज दुपारपर्यंत सामान हलवा. शाळेच्या खोलीत चार दिवस राहा. मी किल्ली आणतो."

"का रं? काय झालं?"

"भिंत राहायची नाही."

आबा हसले. "सख्या, गटारी सकाळीच केली व्हय? आरं, तूच न्हवता का म्हनला, डोंगार पडंल पर भिंत पडायची न्हाई? त्या भरवशावर मी गोठा तुज्या बांधापातुर वाडवला."

"चुकलो आबा. बांधताना नाही, नंतर चुकलो. भोकं बुजवली."

"तू आन चुकला?" त्यांनी म्हातारीला आत हाक मारली. "अगं ऐकलं का, सखाराम चुकलाय म्हनतो. लिहून ठेव." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गुरं सोडून मी कुटं जाऊ? उद्या गिरान हाय. गिरान सुटू दे, मग बगू."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. आयुष्यभर ज्यानं स्वतःचं काम चुकलं म्हटलं नाही त्यानं आज म्हटलं, तर ते चेष्टा समजतात. हे मीच करून ठेवलंय.

वहिनीला काय चाललंय ते अर्धं कळलंय. उद्या ग्रहण, त्यात ती घराबाहेर पडायची नाही, म्हणून आज दुपारच्या गाडीनं तिला आणि कोमलला तुझ्याकडे पाठवतोय. ती म्हणाली, "तुमी भांडायचं आन दोन वर्सांनी मी पिशवी घिऊन त्यांच्या दारात उभं राहायचं व्हय? काय सांगू भावजींना?" मी म्हटलं, काही सांगू नकोस, पत्र दे. मग तिनं देवघरातले टाक फडक्यात बांधून घेतले. मी ते घ्यायला सांगितलं नव्हतं.

त्यांना निदान महिनाभर ठेवून घे. कोमलची वह्यापुस्तकं सगळी दिली आहेत. शाळेचं तू बघ.

आणि जमलं तर आजच ये. मोटरसायकल वरच्या रस्त्याला लाव, खाली आणू नकोस. अंगणातून येऊ नकोस, शाळेच्या बाजूनं फिरून थेट आबांच्या ओट्यावर ये. गावातली चार माणसं गोळा कर आणि त्यांच्यासमोर सांग की सखारामची भिंत चुकली आहे, का चुकली आहे आणि किती दिवसांची आहे. तुझं ते ऐकतील, तू बांधकाम कागदावर शिकलेला आहेस. लोक माझ्याकडे बघतील. बघू देत. मी मध्ये बोलणार नाही.

आबा निघेपर्यंत मी इथे आहे. झाडाचा ओळंबा दर तासाला बघतो. रेडिओ इथेच ठेवलाय. गाणं लागत नाही, पण पडद्यावर आकडा दिसतो. आत्ता अकरा आहे. पत्राला सुरुवात केली तेव्हा सतरा होता.

तुझा दादा,
सखाराम

ता. क. एक राहिलं. दोन वर्षं मी वहिनीला, मामांना, गावात, सगळ्यांना सांगत आलो की प्रदीपनं वास्तुशांतीला चाळीस माणसांत माझ्या भिंतीला नावं ठेवली. ते खरं नाही. तू मला मोरीमागे बाजूला नेलं होतंस आणि इतकं हळू बोलत होतास की मला दोनदा विचारावं लागलं. पंगतीसमोर ते मी आणलं, ओरडून, तुझ्या डिप्लोमाची टिंगल करून. तू हळू आवाजात म्हणाला होतास की तुझ्या साइटवरची दोन माणसं आणि ड्रिल मशीन एका दिवसासाठी आणतोस, तळाला बावीस भोकं पाडून त्यांत पाइप बसवून देतोस, पैसे तू देशील, वहिनीलाही कळायला नको. मी नको म्हणालो. सगळं मिळून चार हजार दोनशे रुपये.