लाडवाच्या डब्यात न मावलेले रणगाडे

शेलूबाजार, रविवार

तीर्थरूप देवमनमामांच्या चरणी,
भाचा हरीओमचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा मोतीबिंदू निघाला हे ऐकून बरं वाटलं. फोनच करणार होतो, पण तुमचा मोबाइल पिठाच्या डब्यावर असतो आणि तुम्ही ओसरीवर, म्हणून पत्र.

तर मामा, घरात रणगाड्यांवरून पेच पडला आहे. टीव्हीला जोडायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी मी जमवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे (नाद तुम्हीच लावलात). त्या एक्केचाळीस झाल्या आणि कपाटातल्या तुमच्या भाचेसुनेच्या, राखीच्या, साड्या खाटेवर आल्या. तेव्हा तिने लाडवाचा रिकामा डबा माझ्यापुढे ठेवला. यात मावेल तेवढंच ठेवायचं, एक गेम एकदाच, आणि दसऱ्याच्या साफसफाईत डब्याबाहेर जे दिसेल ते भंगारात. अट मला पटली, कारण संग्रह म्हणजे निवड, हे मीच तिला येता-जाता ऐकवत असतो. वही घातली आणि एकेक कॅसेट फुंकर मारून लावून पाहिली. एकीवर ९९९ गेम असं छापलेलं. निघाले अकरा, पुढे तेच अकरा नाव बदलून पुन्हा रांगेत उभे. अशा सगळ्या गाळून वाटून टाकल्या. उरल्या अठरा. डब्यात मावतात बारा. जास्तीच्या सहा तुम्ही दिलेल्यांपैकी.

तुम्ही सलग सात दिवाळ्या मला कॅसेट आणलीत. वरचं चित्र पाहून घ्यायचात. कधी मोटार, कधी विमान, एकदा लाथ उगारलेला कराटेवाला. आत सातही वेळा रणगाड्यांचा तोच गेम निघाला. (हे आज प्रथमच सांगतो आहे. तुम्ही दर वेळी यंदा वेगळी आणली म्हणायचात आणि मीही उड्या मारायचो.) त्यात तुमचं मालेगावला भांड्यांचं दुकान, नाव टाकायचं मशीन हाताशी. त्यामुळे ताटावर टाकतात तसं प्रत्येकीवर कोरलेलं आहे: चि. हरीओम यास देवमनमामाकडून, शेलूबाजार, आणि साल.

आता गावासकट नाव टाकलेली वस्तू आपल्या भागात कोणाला देता येते का? दोन मी जीपमध्ये मुद्दाम विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवाला गोविंदसिंग त्या माझ्या दुकानावर घेऊन आला आणि वर चहा पिऊन गेला. भंगारवाल्याने नाव वाचलं आणि माझ्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहिलं. आसेगावच्या ग्यानबाला चार दिल्या, तर तो आठवड्याने पिशवी घेऊन दारात. म्हणाला, "याच्यावर तुयं नाव हाय. घरवाली भागिरथा मले रोज इचारते, हे अजून वापस काहून नाही केलं म्हून."

शेवटी एक तरी निवडावी म्हणून सातही ओळीने मांडल्या. पहिलीवर तुमचं अक्षर आखल्यासारखं आहे. चौथीवर 'ओम' जरा खाली घसरला आहे. सातवीवर अख्खी ओळ उताराला लागली आहे, आणि त्याच वर्षी तुम्ही दुकान बंद केलंत. खरं सांगतो मामा, गेम एकच आहे, पण यातली कोणतीही टाकायला हात होत नाही. दसरा चार दिवसांवर आला आहे. राखी तुमचं ऐकते, तिला दोन ओळी लिहा.

मामींना नमस्कार.
आपला भाचा,
हरीओम

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी राखीने वाचलं. सातही कॅसेटींत खरंच एकच गेम आहे का, याची तिला खात्री करायची होती, म्हणून ती एकेक लावून पाहायला बसली. त्याला आज सहा दिवस झाले. दसरा होऊन गेला, साफसफाई राहिली आहे. लाडवाचा डबा पालथा घालून ती टीव्हीपुढे त्यावरच बसते. खेळायचं हँडल एकच चालू आहे आणि ते तिच्या हातात आहे. डुप्लिकेट कॅसेटींचं काय करू, असं विचारलं तर म्हणाली, "राहू द्या नं सातही. एक गरम झाली त दुसरी लावता येते."

आणखी एक. आता तिला काही लिहू नका, वाचायला तिला वेळ नाही. दिवाळीला येताना जुन्या बाजारात एखादं हँडल मिळालं तर तेवढं आणा. नाव टाकायचं मशीन अजून तुमच्या पलंगाखाली आहे, असं मामी सांगत होत्या. हँडलवर माझं नाव नक्की टाका, नाही तर तेही राखीकडे जाईल. ओळ उताराला लागली तरी चालेल.