तिसरी उडी

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥
चांदवड, ११ नोव्हेंबर २०२४

चि. रोशनीस, झुंबरमावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. पण माझी सायली तुझ्याच खोलीवर राहते, फोन केला की तिचे कान तिकडेच. जयरामभाऊ द्राक्षाची औषधं आणायला नाशिकला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र आणि शेवेचे लाडू देते आहे.

काल सायली फोनवर रडली. म्हणाली, ताईने नाचायला बंदी केली. अगं, चौदा डिसेंबरचा कार्यक्रम तिच्या शेवटच्या वर्षाचा. कथकात मधली जागा तिला मिळावी म्हणून श्रावणात मी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी केली आणि त्र्यंबकराजाने ऐकलं. देवाने दिलेलं तू काढून घेणार? विद्यापीठाने खेळाडूंसारखं नाचणाऱ्या पोरांनाही तुला ट्रेनर ठेवलं, तालमीच्या हॉलशेजारी तपासायला खोली दिली, चांगलंच झालं. पण ती काय घरच्याच पोरीला खोडा घालायला?

नडगी दुखते म्हणे. दुखणारच, नाचते ती. आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात, बोभाटा करत नाहीत. तिला गरम तेल चोळ आणि तुझ्या कागदावर ‘ठीक’ एवढंच लिही. मावशीसाठी एक शब्द.

लाडवांइतकाच लोभ गोड राहो.
तुझी मावशी


नाशिक, १४ नोव्हेंबर

ती. मावशीस, रोशनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

लाडू पोचले. सायलीने चार खाल्ले, माझ्याकडे पाठ करून.

मावशी, तो ‘ठीक’ मी लिहिणार नाही. माझ्याकडे एक साधी परीक्षा असते: एका पायावर दहा उड्या, कशालाही न धरता. सायली तिसरीला खाली बसली. वर म्हणाली, लादी निसरडी होती. डॉक्टरांकडे नेलं तर नडगीच्या हाडाला बारीक चीर निघाली. सहा आठवडे पाय आपटायचा नाही, आणि कथकात दुसरं काय करतात? चिरेवर नाचली तर हाड मोडेल. मग हा एक कार्यक्रम नाही, पुढचे सगळेच जातील.

दोन महिने तिला दुखत होतं. का लपवलंस विचारलं, तर म्हणाली, आई कुठे सांगते? मला माझी आई आठवली. तुझी थोरली बहीण. गुडघा अंगावर काढता काढता शेवटी खुर्चीला खिळली. त्या खुर्चीपायीच मी हे काम शिकले.

सायलीच्या नृत्याच्या बाईंशी बोलले आहे. तिच्या जागी तिच्या वर्गातली पूजा नाचेल आणि सायली रंगमंचावर बसून बोल म्हणेल. सायलीला ते पटत नाही. तू सांगितलंस तर ऐकेल. नाहीतर माझ्या माघारी घुंगरू बांधेल, याची धास्ती आहे.

रागाव खुशाल, पण लोभ आवरू नकोस.
रोशनी


॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥
चांदवड, १८ नोव्हेंबर

चि. रोशनीस, अनेक आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. तिसऱ्या दिवशी देवपूजा आटोपल्यावर दाराला कडी लावली, पदर खोचला आणि उड्या मारल्या. उजव्या पायावर दहा झाल्या. डाव्यावर दोन. तिसरीला ओटा धरला. आमची लादी कोरडी होती.

फेरीपासून टाच दुखते आहे. सकाळी पहिलं पाऊल टाकवत नाही. देवासाठी चाललेलं, त्याचं गाऱ्हाणं कसं करायचं, म्हणून गप्प होते. पण दिवाळीत मी भिंत धरून स्वयंपाकघरात जायचे, तेव्हा सायली बघत होती. पोरगी ते माझ्याकडूनच शिकली.

हे पत्र तिला वाचायला दे. फोनवर माझ्याच्याने हे बोलवणार नाही. सायले, त्र्यंबकराजाने तुला जागा दिली. उभं राहूनच घे, असं तो म्हणाला नव्हता. बसून घे, खणखणीत बोल म्हण. चौदा तारखेला मी पहिल्या रांगेत असेन.

रोशनी, शनिवारच्या एसटीने येते. पोरांच्या मागे नंबर लावीन, मावशी म्हणून पुढे घेऊ नकोस. आणि कागदावर खरं तेच लिही: मॅट्रिक पास बाई, तिसरीत नापास.

तुम्हा दोघींवर लोभ आहे, तो दुखरा पाय घेऊन येतोच आहे.
तुझी झुंबरमावशी