सुईचं टोपण

आये,

आज दवाखान्यात नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. इंजेक्शन देऊन झालं की सुई तशीच, उघडीच, जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची, तिला परत टोपण घालत बसायचं नाही, एवढंच सांगायचं होतं. माझं सांगून संपतं न संपतं तोच त्यातल्या एकीने सुईला टोपण घातलं. दोन बोटांत टोपण धरलं, एक डोळा बारीक केला आणि हळूच सुई आत सरकवली, अगदी तू करायचीस तशी. मी तिच्यावर एवढी ओरडले की बाहेर रांगेत बसलेली माणसं दारात येऊन बघायला लागली. पोरगी रडकुंडीला आली. म्हणाली, "सिस्टर, उघडी ठेवली तर कोणाक तरी लागात ना?" हे तुझं वाक्य होतं. इतक्या वर्षांनी ते भलत्याच कोणाच्या तोंडून ऐकलं, म्हणून घरी आल्या आल्या हे लिहायला बसले आहे. स्वयंपाक व्हायचाय अजून.

धार उघडी ठेवायची नाही, हा आपल्या घरातला तुझा कायदा. मासे चिरून झाले की विळी, तुझी आडाळी, धुवायची, आडवी करून पातं भिंतीकडे करायचं आणि तिच्या टोकावर नारळाच्या सोडणाचा तुकडा खोचायचा. तो तुकडा खोचायला मी विसरले की तुझा आवाज पार होड्या ओढतात तिथपर्यंत जायचा. "गो, डोळे खंय गेले तुझे? कोणाच्या पायाक लागला म्हणजे?" तुझ्या आईने तुला हेच शिकवलं होतं, तिला तिच्या आईने. मासे विकणाऱ्या बायकांच्या घरात पोरं रांगत असायची, तिथे एवढी काळजी घेणं भागच होतं. पुढे तू दवाखान्यात मावशी म्हणून लागलीस आणि ती सवय सोबत घेऊन गेलीस. सिस्टर घाईत असायच्या, वापरलेल्या सुया ट्रेमध्ये तशाच टाकून पुढच्या खाटेकडे पळायच्या. ट्रे धुवायला नेण्याआधी तू एकेका सुईचं टोपण शोधून घालायचीस. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. शाळा सुटल्यावर मी तुला न्यायला यायची तेव्हा दारातून बघायची, तू ट्रेवर वाकलेली असायचीस आणि तुझ्या तोंडावर विळीला सोडण खोचतानाचंच समाधान असायचं.

मोठ्या सिस्टरनी तुला हटकलं होतं. माझ्यासमोरच म्हणाल्या होत्या, "मावशी, टोपणं घालू नका हो, एखाद दिवशी टोचेल." तू हसलीस. "सिस्टर, उघडी सुई दिसली काय माका जेवाण जाणा नाय." त्याही हसल्या, आणि विषय तिथेच संपला. तेव्हा हातमोजेही पुरेसे नसायचे. मिळालेली एखादी जोडी तू धुऊन मागच्या दोरीवर वाळत घालायचीस आणि वाऱ्याने ती फुगली की मला दाखवायचीस, "बघ, कोण हात हलवता!" मला त्याची फार गंमत वाटायची. त्या सगळ्या हसण्याचा मला आता राग येतो. कोणावर काढू, ते कळत नाही.

मग तुझे पाय सुजायला लागले. जेवण नकोसं झालं, डोळ्यांत हळद उतरली. कोकण रेल्वे तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. कुडाळपर्यंत एसटीने आणि तिथून गाडीने आपण दोघी गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात निघालो. जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसायचं म्हणून तू ठेवणीतलं लुगडं काढलंस आणि केसांत अबोलीचा वळेसर माळलास. लग्नाला निघाल्यासारखी खिडकीशी बसली आहेस, बोगदा आला की माझा हात घट्ट धरते आहेस आणि उजेड आला की सोडते आहेस. मी मनात म्हणते आहे, अजून बोगदे येऊ देत. तुझा हात असा मुद्दाम माझ्या हातात त्यानंतर फार दिवस येणार नव्हता, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, रक्तातून पसरणारी कावीळ आहे, हेपॅटायटिस बी, आणि लिव्हर बरंच खराब झालं आहे. विचारलं, "तुम्ही दवाखान्यात कामाला ना? सुई कधी टोचली होती?" तू कचेरीतलं मराठी बोलायला सुरुवात केलीस, "साहेब, टोचली म्हणजे..." आणि तिथेच अडलीस. मग सरळ आपल्या बोलीत आलीस. "कधीची सांगू? बांगड्याचो काटो लागता, तेची कोण याद ठेवता?" डॉक्टर गोव्याचेच, त्यांना सगळं समजलं. ते खाली बघून लिहीत राहिले. निघताना त्यांनी मला नीट समजावलं. एका घरात राहून, एका ताटात जेवून, अंगाला हात लावून हा आजार होत नाही. तो रक्ताने होतो. घरातल्या सगळ्यांनी लस घ्या, तीन वेळा घ्यावी लागेल, शेवटची सहा महिन्यांनी.

एवढं सगळं ऐकूनही घरी आल्यावर तू तेच केलंस जे तुझ्या मनात होतं. तुझं ताट, तुझा पेला, तुझी चटई वेगळी झाली. चुलीकडे जाणं बंद केलंस. माझी वेणी घालणं बंद केलंस. मी भांडले, रडले, डॉक्टरांचे शब्द परत परत सांगितले. तू आपली बोटं माझ्यासमोर धरलीस, माशांनी आणि विळीने चिरलेली. "ह्या हातांक चिरो नाय असो दिवस दाखव माका. रगत मगे हयसूनच येता ना?" बाबा पहाटे होडीवर जायचे, घरात आपण दोघीच, आणि तू ओटीवर, मी आत. मी केलेलं तू जेवायचीस, बिनमिठाचं, कारण तुला मीठ बंद होतं. मला तुझ्या हातचं तिखलं हवं होतं, तिरफळं घातलेलं, बांगड्याचं. खरं म्हणजे मला तू हवी होतीस. शेवटी तूच तोड काढलीस. "तुझी तिसरी सुई होऊ दी. त्या दिवशी मी तुका तिखला करून घालतंय." मग मी लसीची वाट बघायला लागले. सुईची एवढी वाट बघणारी पोर दवाखान्यात दुसरी नसेल.

तिसऱ्या वेळी तू माझ्याबरोबर आलीस. अंगात त्राण नव्हतं, रिक्षातून उतरताना माझा खांदा लागला, तरी आलीस. मोठ्या सिस्टरनी माझ्या दंडात सुई दिली आणि ट्रेमध्ये टाकली, उघडीच. तुझा हात आपोआप पुढे झाला. बोटं टोपणापर्यंत पोचली होती. मग तू तो हात मागे घेतलास आणि पदराखाली दडवलास. सिस्टरनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं. तू मला म्हणालीस, "चल गो, बांगडे घेऊन जाऊया."

मासे मी साफ केले, विळीला तू हात लावला नाहीस. पण चुलीपुढे बसलीस, दम लागत होता तरी वाटण तूच घातलंस, तिरफळं ठेचून टाकलीस, कोकमाची सोलं टाकलीस. घरभर तो वास सुटला आणि मला वाटलं, झालं, सगळं पहिल्यासारखं झालं. पूर्वी तू डावातला थेंब तळहातावर घेऊन चाखून बघायचीस. त्या दिवशी चाखलं नाहीस. मला वाढायचं म्हणून तोंडाला लावलं नाहीस, हे मी बघितलं. मग उकड्या भातात कालवून तू पहिला घास आपल्या हाताने माझ्या तोंडात घातलास. बोटांना तिरफळाचा वास होता. "बरा झाला?" विचारलंस. मी म्हटलं, "एकदम बरा." आणि टोप निपटून खाल्ला. तू बघत बसलीस. शिमग्यापर्यंत तू होतीस, पण चुलीपुढे परत बसू शकली नाहीस.

मी नर्स झाले ते तुझ्यामुळेच, असं लोकांना सांगते, आणि ते खरंही आहे. आज त्या पोरीला नंतर जवळ घेतलं. म्हटलं, घरची विळी झाकायची, दवाखान्यातली सुई नाही. तिला पटलंय असं वाटतं. पटायलाच हवं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. त्या दिवशी तिखल्यात मीठ नव्हतं, आये. कणभरसुद्धा नव्हतं. मी तुला सांगितलं नाही. अजूनही कधी तुझी फार आठवण आली की मी बांगडे आणते आणि तसंच करते. घरातले पहिल्या घासालाच तोंड वाकडं करतात, "मीठ विसरलीस!" मी हो म्हणते, उठून मीठ आणून देते. माझ्या ताटात घालत नाही. आजही बांगडे आणलेत. आता उठते, आज पुन्हा मीठ विसरायचं आहे.